जमीन आपलीच, मग पट्टा कुणाचा?

लग्नसराई संपली की कापड बाजाराला जरा उसंत मिळते. तागे घडी करून कपाटात जातात, उधारीच्या वह्या निघतात आणि दुपारी दुकानात बसून जुने कागद चाळायला वेळ मिळतो. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत माझ्या भाच्याचा विलायतेतून फोन आला. तो लेस्टरला असतो. तिथे त्याने एका जुन्या तीन मजली घरातला फ्लॅट घेतला आहे. त्या घरात चार फ्लॅट आहेत आणि घराखालची जमीन चौघांनी मिळून विकत घेतली आहे. तो म्हणाला, "मामू, जमीन आमची चौघांची आहे, तरी माझ्या फ्लॅटचा भाडेपट्टा वाढवून घ्यावा लागतोय. पट्ट्याची ७१ वर्षेच उरली आहेत आणि बँक कर्जाला नाही म्हणते."

मला हसू आले. मी म्हटले, "अरे, जमीन तुझी, मग पट्टा कुणाकडून वाढवून घेतोस? आरशातल्या माणसाकडून?"

त्यावर तो म्हणाला, "मामू, हसू नका. हिंगोलीला आपल्या बिल्डिंगचे काय आहे ते एकदा बघा."

मी त्याच संध्याकाळी मरहूम वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. आज हे लिहायला बसलो आहे ते त्या पेटीमुळे. व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांकडे अशी पेटी असेल आणि आत असाच कागद असेल, म्हणून घरची गोष्ट चारचौघांत सांगतो.

आमची इमारत बाजारातली. खाली रस्त्याला लागून चार दुकाने, वरच्या दोन मजल्यांवर सात घरे. जागेचा मूळ मालक एकच होता. त्याने १९७९ साली सात कुटुंबांना सात वेगवेगळे नोंदणीकृत भाडेपट्टे करून दिले. मुदत ५१ वर्षे, सुरुवातीला एकरकमी नजराणा आणि पुढे वर्षाला नाममात्र भाडे. चार कुटुंबांकडे दुकान आणि वर घर, तीन कुटुंबांकडे मागच्या बाजूची नुसती घरे. पुढे तो मालक हैदराबादला गेला आणि १९९१ साली त्याने सगळी मालमत्ता आम्हा सातही पट्टेदारांना एकाच खरेदीखताने विकली. रक्कम सर्वांनी सारखी भरली, म्हणून खरेदीखतात प्रत्येकाचा एक सप्तमांश अविभाज्य हिस्सा लिहिला. मी तेव्हा नुकताच गादीवर बसू लागलो होतो. त्या दिवशी वडिलांनी बाजारात पेढे वाटले. "आता भाडे नाही, मालक नाही, पावती नाही," असे ते म्हणाले आणि पेटीला कुलूप लागले.

ते कुलूप मी उघडले तेव्हा पट्ट्याच्या शेवटच्या पानावर मुदत दिसली. ती २०३० साली संपते.

हे शेजाऱ्यांना सांगितल्यावर सगळ्यांनी तेच म्हटले जे मी भाच्याला म्हटले होते. जमीन आपलीच, मग पट्टा कसला? आमच्या मराठवाड्यात या गैरसमजाला एक जुने कारणही आहे. निजामाच्या काळात, हैदराबाद संस्थानच्या १३१७ फसलीच्या महसूल कायद्याखाली, पट्टेदार म्हणजे सरकारदप्तरी नाव असलेला जमिनीचा धारक. आपल्या आजोबांच्या तोंडी 'पट्टा' म्हणजे मालकीच. 'भाडेपट्टा' या शब्दातला पट्टा मात्र मुदतीचा आणि दुसऱ्याच्या मालकीखालचा. शब्द एक, अर्थ दोन. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले असल्याने लोक जुने उर्दू कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात आणि हा घोटाळा मी वारंवार पाहतो. कागदावर 'पट्टा' दिसला की माणूस निर्धास्त होतो.

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १११ वे कलम समोर ठेवले. भाडेपट्टा कोणकोणत्या कारणांनी संपतो ते त्यात दिले आहे. पहिले कारण मुदत संपणे. चौथे कारण विलीनीकरण, म्हणजे मालकाचा हक्क आणि पट्टेदाराचा हक्क एकाच माणसाकडे येणे. पण त्या कलमातले शब्द फार मोजून लिहिलेले आहेत. संपूर्ण मालमत्तेतील दोन्ही हक्क, एकाच वेळी, एकाच व्यक्तीकडे आणि एकाच नात्याने आले पाहिजेत. माझ्याकडे दुकानाचा पट्टा पूर्ण आहे, पण त्याच दुकानाच्या मालकीतला माझा हिस्सा सातातला एक. उरलेले सहा हिस्से शेजाऱ्यांचे. तेव्हा माझा पट्टा १९९१ साली विलीन झाला नाही, तो जिवंत राहिला. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ सालच्या एका निकालात हेच सांगितले आहे की, भाडेकरूने अनेक सहमालकांपैकी काहींचा हिस्सा विकत घेतला म्हणून त्याची भाडेकरूकी आपोआप मिटत नाही.

यावर एक शेजारी म्हणाले, "चांगलेच झाले की. पट्टा जिवंत राहिला, २०३० ला मरेल. मरू द्या. मालकी तर राहते."

मालकी राहते हे खरे आहे. पण कशाची? खरेदीखतात कुठेही लिहिलेले नाही की रस्त्यावरचे उजवीकडचे दुकान अमक्याचे आणि मागच्या जिन्याजवळचे घर तमक्याचे. त्यात फक्त सात अविभाज्य हिस्से आहेत. कोणती खोली कोणाची हे सांगणारा कागद एकच, तो म्हणजे १९७९ चा भाडेपट्टा. इतकी वर्षे आम्ही त्याला भाड्याचा कागद समजत आलो, पण प्रत्यक्षात आमच्या सात घरांमधली वाटणी त्याच कागदावर उभी आहे. तो संपला की कायद्याच्या नजरेत प्रत्येक वीट सातही जणांची होते. माझ्या दुकानाच्या शटरमध्येसुद्धा सहा शेजाऱ्यांचा हिस्सा येतो आणि त्यांच्या स्वयंपाकघरात माझा.

असे झाल्यावर कोणीही एक हिस्सेदार दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावू शकतो. शेत असते तर मोजणी करून बांध घालता आला असता. तीन मजली इमारतीचे सात सारखे तुकडे कसे करणार? त्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे. मालमत्ता सोयीस्करपणे वाटता येत नसेल आणि निम्मे किंवा त्याहून अधिक हिस्सेदार मागणी करतील, तर न्यायालय ती विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकते. उरलेल्यांना तो हिस्सा ठरलेल्या किमतीला विकत घेण्याची संधी मिळते, पण त्यासाठी गाठीला रोख पैसा पाहिजे. आमच्या सातांत निम्मे म्हणजे चार. मागच्या तीन घरांना समोरचे एक फुटून मिळाले की झाले.

इथे मला माझी बाजू उघड केली पाहिजे, नाही तर वाचकांना वाटेल मी पंच म्हणून बोलतो आहे. माझे दुकान रस्त्यावरचे आहे. हिंगोलीला १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचा दर्जा मिळाला, कचेऱ्या आल्या, हळदीचा व्यापार वाढला आणि रस्त्यावरच्या दुकानांची किंमत मागच्या घरांच्या कितीतरी पट झाली. पण खरेदीखतात हिस्से सारखेच आहेत. म्हणजे पट्टा चालू आहे तोवर मी फायद्यात आणि पट्टा संपला की मागचे शेजारी फायद्यात. त्यांना हे कळले नव्हते, आता कळले आहे. मीच सांगितले. घरी त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली. पण उद्या वकील त्यांना सांगणारच होता. शेजाऱ्याला अंधारात ठेवून सही घेतली तर तो कागद पुढे टिकत नाही आणि शेजारही टिकत नाही.

आमचे डोळे खऱ्या अर्थाने उघडले ते एका तरुण शेजाऱ्याच्या कर्जामुळे. त्याला घर तारण ठेवून दुकानात माल भरायचा होता. बँकेच्या वकिलाने दोन ओळींत नकार दिला. मालकी अविभाज्य एक सप्तमांश, आणि ताबा अशा पट्ट्याखाली ज्याची मुदत कर्जाच्या मुदतीआधी संपते. तरुणाने घरपट्टीच्या पावत्या दाखवल्या, नळपट्टीच्या दाखवल्या. नगर परिषदेची पावती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नसते. ही गोष्ट आपल्या लोकांना किती वेळा सांगावी? त्याने पुढे सोने गहाण ठेवून माल भरला. त्याच्या आईचे सोने.

आता भाच्याकडे काय झाले ते सांगतो, कारण तिथल्या रीतीतून शिकण्यासारखे बरेच आहे आणि न शिकण्यासारखेही. इंग्लंडमध्ये फ्लॅट विकतात तो बहुधा ९९ किंवा १२५ वर्षांच्या पट्ट्यावर. जमीन दुसऱ्याची राहते. १९९३ च्या कायद्याने तिथल्या पट्टेदारांना दोन मोठे हक्क दिले. एक, ठरावीक किंमत देऊन उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर घालून घेणे, आणि त्यानंतर जमिनीचे भाडे नावापुरते, कायद्याच्या भाषेत मिरीचा एक दाणा. दुसरा, इमारतीतल्या पुरेशा पट्टेदारांनी मिळून जमीनच विकत घेणे. पट्टा ८० वर्षांच्या खाली उतरला की वाढवण्याची किंमत एकदम चढते, म्हणून तिकडे लोक ८० चा आकडा आपल्याकडे परीक्षेच्या तारखेसारखा लक्षात ठेवतात. २०२४ मध्ये तिथे नवा कायदा मंजूर झाला आणि त्यात ९० च्या जागी ९९० वर्षांची तरतूद केली आहे. मात्र मंजुरीबरोबर ती लगेच लागू झाली नाही.

ज्यांनी जमीन एकत्र घेतली आहे त्यांचे काम सोपे, असे कोणालाही वाटेल. पैसे द्यायचे नाहीत, आपणच आपल्याला ९९९ वर्षांचा पट्टा द्यायचा. भाच्याच्या घरात असेच ठरले. किंमत शून्य, खर्च फक्त वकिलाचा आणि नोंदणीचा. तरीही दीड वर्ष लागले. तिथे जमिनीच्या नोंदीवर जास्तीत जास्त चारच नावे चढतात, हा १९२५ चा नियम. चौघांची नावे होती, त्यांपैकी एक बाई घर विकून परदेशी गेल्या होत्या, पण जमिनीच्या नोंदीवरून नाव काढायचे राहून गेले. फ्लॅट नव्या माणसाचा, जमिनीतले नाव जुन्या बाईंचे. त्यांना शोधून सही आणण्यात वर्ष गेले. जिथे फ्लॅट जास्त असतात तिथे लोक कंपनी काढून जमीन तिच्या नावे ठेवतात, आणि फ्लॅट विकताना कंपनीचा शेअरही द्यायला विसरतात. विसरभोळेपणा सगळीकडे सारखाच.

फरक एका ठिकाणी आहे. तिथे एखादा सहमालक सही करत नसेल तर पट्टेदार कायद्याने नोटीस देऊन मुदतवाढ घेऊ शकतो, स्वतःही सहमालक असला तरी. आपल्याकडे तशी सोय नाही. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण आले. बिल्डर जमीन संस्थेच्या नावे करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून त्याच्या सहीशिवाय ते होऊ शकते. फार उपयोगी कायदा. पण तो सही न करणाऱ्या बिल्डरसाठी आहे, सही न करणाऱ्या शेजाऱ्यासाठी नाही. २०१६ चा रेरा कायदाही आमच्यासारख्यांच्या कामाचा नाही. तो जुन्या पुऱ्या झालेल्या इमारतींसाठी आलेलाच नाही, आणि नव्यांतही ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे बांधकाम नोंदणीतून सुटते. तालुक्याच्या गावात बहुतेक इमारती अशाच मापाच्या असतात.

मग करायचे काय? पहिला विचार सरळ पट्टाच वाढवण्याचा आला. सातही जणांनी मालक म्हणून प्रत्येकाला नवा पट्टा द्यायचा, ९९ किंवा ९९९ वर्षांचा. वकिलांनी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा ३६ वा अनुच्छेद काढला. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर, दहा वर्षांपर्यंत २५ टक्के रकमेवर, २९ वर्षांपर्यंत ५० टक्के रकमेवर आणि त्यापुढच्या मुदतीला ९० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते. मुदतवाढीची अट आत लिहून ठेवली तर ती वर्षेही मोजली जातात, तेव्हा ती पळवाट बंद. म्हणजे ज्या दुकानात मी लहानपणापासून बसतो, ज्याची जमीन १९९१ साली पूर्ण मुद्रांक भरून विकत घेतली, त्याच दुकानात पुढे बसत राहण्यासाठी मी जवळजवळ ते पुन्हा विकत घेतल्याइतके शुल्क भरायचे. एक रुपयाही या हातातून त्या हातात जात नाही. व्यवहार नाही, नफा नाही, ताबा बदलत नाही.

हे मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट लिहितो. सरकारला महसूल पाहिजे हे मान्य, पण महसूल व्यवहारावर असावा. कुटुंबातल्या माणसाने वडिलोपार्जित हिस्सा नात्यातल्या माणसाच्या नावे सोडला तर हक्कसोडपत्राला कायदा थोडक्या शुल्कावर सोडतो, कारण तिथे विक्री झालेली नसते. सहमालकांनी एकमेकांना पट्टा वाढवून दिला तर तिथेही विक्री झालेली नसते. मग तीच सवलत इथे का नको? जुन्या दस्तांच्या कमी शुल्कासाठी सरकारने डिसेंबर २०२३ पासून अभय योजना राबवली होती, तेव्हा इच्छा असली की वाट सापडते. जमीन पट्टेदारांच्याच सामाईक मालकीची आहे आणि नव्या पट्ट्यात नजराणा नाही, एवढे दस्तावरून दिसले की नाममात्र शुल्क लावावे. व्यापारी संघटना वजनमापाच्या शिक्क्यापासून जीएसटीपर्यंत निवेदने देतात, एक निवेदन यावरही द्यावे.

सवलत येईल तेव्हा येईल. २०३० मात्र थांबणार नाही. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. सर्व मालकांनी मिळून एक घोषणापत्र नोंदवायचे. मग प्रत्येक दुकान, प्रत्येक घर स्वतंत्र मालकीचे होते, विकता येते, गहाण ठेवता येते, वारसांना जाते, आणि त्याच्याबरोबर जमीन, जिना, गच्ची यांतला ठरलेला हिस्सा चिकटलेला राहतो. पट्टाच नको, म्हणून मुदतही नाही. गंमत अशी की ज्या इंग्लंडच्या कायद्याचे आपण कौतुक करतो त्या इंग्लंडने अशी फ्लॅटवार कायम मालकी २००२ च्या कायद्याने आणली, आणि तीही फारच थोड्या इमारतींनी घेतली. आपल्याकडे ती त्याच्या ३२ वर्षे आधी आली.

सहकारी संस्था काढण्याचाही एक विचार झाला. मुंबईला गावदेवीत सारस्वत मंडळींनी १९१५ साली गृहनिर्माण संस्था काढली, देशातल्या अगदी पहिल्या अशा संस्थांपैकी ती. तिथे इमारत आणि जमीन संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क, म्हणून सभासदाच्या पट्ट्याची मुदत हा प्रश्नच उद्भवत नाही. चांगली पद्धत आहे. पण सात घरांच्या इमारतीत अध्यक्ष, सचिव, वार्षिक सभा, हिशेब तपासणी हे कोण करणार? आमच्याकडे गच्चीवरची टाकी धुण्याची पाळीसुद्धा अजून ठरत नाही.

घोषणापत्राला सर्व मालकांची सही लागते. एकजण राहिला तरी ते होत नाही. आणि इथून खरी अडचण सुरू होते, कारण १९९१ चे सात मालक आता सात राहिलेले नाहीत. तीन वारले. त्यांच्यापैकी एकाचा हिशेब सांगतो. मागे पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. शरीयतच्या वाटणीप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे आठ भाग करून मुलाला दोन आणि मुलीला एक. मूळ हिस्सा सातवा होता, त्यामुळे संपूर्ण इमारतीत प्रत्येक मुलीचा हिस्सा बरोबर चौसष्टावा येतो, प्रत्येक मुलाचा बत्तिसावा आणि आईचा छप्पन्नावा. एका सहीच्या जागी सहा सह्या झाल्या. तिन्ही मयतांचे वारस मिळून आज कागदावर किती मालक आहेत हे मोजायला मला उधारीची वही उलटी करून वापरावी लागली.

आणि मालमत्ता पत्रकावर काय आहे? एका घरात फेरफार झालाच नाही, मयताचे नाव तसेच आहे. दुसऱ्या घरात फक्त मुलांची नावे लागली, बहिणींची नाहीत. विचारले तर उत्तर मिळाले, "त्या कुठे मागतात?" बहीण मागत नाही याचा अर्थ तिचा हिस्सा नाही असा होत नाही. धर्मानेही होत नाही आणि उपनिबंधक कार्यालयातही होत नाही. उद्या तिच्या मुलाने चौसष्टाव्या हिश्श्यावर दावा लावला तर सगळ्या इमारतीचा कागद अडकेल. म्हणून घोषणापत्राच्या आधी वारसांची नावे, त्यांत बहिणीही, नोंदवून घ्यायचे असे ठरले. ज्या बहिणीला हिस्सा सोडायचा आहे तिने राजीखुशीने हक्कसोडपत्र करावे, ज्या बहिणीला तो पाहिजे तिला तो मिळावा किंवा त्याचे पैसे मिळावेत. या एका मुद्द्यावर दोन घरांत महिनाभर बोलणे बंद होते.

मागच्या तीन घरांचा प्रश्न वेगळा. १९७० च्या कायद्यात सामाईक जागेतला हिस्सा प्रत्येक अपार्टमेंटच्या किमतीच्या प्रमाणात ठरतो. रस्त्यावरच्या दुकानवाल्यांचा हिस्सा सातव्याच्या वर जाईल आणि मागच्या घरांचा खाली उतरेल. म्हणजे सही करताना ते काहीतरी सोडत आहेत. ते फुकट सोडा म्हणायला आम्हाला तोंड नाही. दोन दुकानदार म्हणाले, इतकी वर्षे सगळे आपापल्या जागेत आहेत, आता पैसे कशाचे? माझे मत असे की १९९१ साली आपण त्यांच्याकडून सारखी रक्कम घेतली, तेव्हा नाही आठवले की त्यांच्या घराला रस्ता लागत नाही? रक्कम सारखी घेतली तर हिश्श्यातला फरक भरून द्यावा. मूल्यदर तक्त्याप्रमाणे नाही, तेवढी कुवत आमची नाही, पण एक रक्कम ठरवून, हप्त्याने का होईना. मी माझा पहिला हप्ता ठरवला आहे. त्या रकमेत एका हंगामाचा माल आला असता, हे लपवत नाही.

तुमच्या इमारतीचे काय आहे हे मला ठाऊक नाही. पण नांदेड, परभणी, जालना, कुठेही बाजारात जा, मूळ मालकाकडून भाडेकरूंनी एकत्र जागा घेतली आणि त्यानंतर कोणी कागद पाहिला नाही, अशा इमारती भेटतात. मालक परका होता तेव्हा बरे होते, मुदत जवळ आली की त्याची नोटीस तरी यायची. आपणच मालक झालो की नोटीस कोण पाठवणार? खरेदीखतात खोल्यांची वाटणी लिहिली आहे की नुसते हिस्से, एवढे पाहायला अर्धा तास लागतो. पट्टा चालू आहे, सह्या करणारी पिढी हयात आहे आणि जिन्यात भेटल्यावर सलाम होतो, तोवर हे काम निम्म्या कष्टात होते. आमच्या वडिलांच्या पिढीला ते एका बैठकीत जमले असते, कारण सातही जण जुम्म्याच्या नमाजनंतर एकाच कट्ट्यावर बसत.

आज आमची स्थिती अशी. सातपैकी पाच घरांची तयारी आहे. सहावे घर रकमेचा आकडा वाढवून मागते आहे आणि मला वाटते थोडा वाढवून द्यावा लागेल. सातव्या घरातली थोरली बहीण हैदराबादला असते, ती ईदला माहेरी येणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून घोषणापत्राचा मसुदा उर्दूत उतरवून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अकरा पाने झाली आहेत. 'अविभाज्य हिस्सा' या शब्दावर मी दोन दिवस अडलो होतो, शेवटी 'मुशा' लिहिले. फराइजच्या किताबांतला तोच शब्द तिला कळेल.